तारेला वयाची सवलत

गच्चीच्या गळतीवरून सोसायटीच्या सभेत रण पेटतं, पार्किंगवरून जुनी भांडणं उकरली जातात. इमारतीच्या वायरिंगचा मुद्दा मात्र ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात येतो आणि चहा येताच संपतो. ‘‘अहो, चाळीस वर्षं झाली, काही झालंय का?’’ या प्रश्नापुढे भलेभले इंजिनिअर गप्प बसतात.

खजिनदारांचं म्हणणं कायदेशीर असतं : इमारत त्या वेळच्या नियमांत बसत होती. बसत होतीच. तेव्हा 1956 चे भारतीय वीज नियम होते. पुढे 2010 मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आले, 2023 मध्ये तेही नव्याने लिहिले गेले. जुनी तार उपटून टाका, असं फर्मान घेऊन कुणी दारात येत नाही, हेही खरं. नियमांची अपेक्षा एवढीच, की वायरिंग धोकारहित ठेवावं.

घोडं अडतं ते इथेच. तार जुनी राहिली, पण तिच्यावरचा लोड कुठे जुना राहिला? दोन पंखे, चार दिवे आणि रेडिओसाठी ओढलेल्या तारेवर आता दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर ओढतो, दोन किलोवॅटचा गिझर जवळपास नऊ. करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. या हिशेबाला सभेची मंजुरी लागत नाही.

जिन्याखालच्या मीटर रूममध्ये चिनी मातीचे किटकॅट फ्यूज काळवंडून बसलेले असतात. फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणा हुशार वायरमनने त्यात तांब्याची जाड तार पिळून टाकलेली असते. आता फ्यूज उडत नाही, त्याचं कामच काढून घेतलंय. घरातल्या थ्री-पिनच्या मोठ्या भोकामागे अर्थिंगची तारच नसते. तीस मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारं आरसीसीबी बसवलं, तर ‘सारखं ट्रिप होतं’ म्हणून त्यालाच बाद केलं जातं. गळती सापडली, ही त्याची चूक.

मुंबईत 30 वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. महापालिका अधिनियमात त्यासाठी 353-ब हे कलमच आहे. म्हणजे स्लॅब तपासला जातो, स्लॅबमधल्या पाइपातून गेलेली तार नाही. मग कुठे आग लागलीच, तर संशयित तयार असतो : शॉर्टसर्किट. या आरोपीला आजवर अटक झालेली नाही.

अखेर सभेत ठराव होतो : मीटर रूममधल्या चोऱ्या रोखायला तिथे सीसीटीव्ही बसवावा. त्याचं कनेक्शन अर्थातच त्याच बोर्डावरून.