बेसमेंटमधले रेसर

बाणेर-बालेवाडीकडच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उतरा. भिंतीकडेच्या एखाद्या जागेत राखाडी कव्हराखाली काहीतरी बुटकं, पसरट दडलेलं दिसेल. ती साहेबांची स्पोर्ट्स कार. वॉचमन बदलतात, कमिट्या बदलतात, कव्हर हलत नाही. आमच्या वॉचमनला या गाडीचा रंग विचारा, तो छातीठोकपणे "ग्रे" सांगेल. गाडी लाल आहे.

सोसायट्या अनेक असल्या तरी साहेबांचा नमुना एकच. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. कॉलेजात असताना लुनाला पायडल मारत चढ चढलेले, पुढे आयटीत वर गेलेले, नाहीतर भोसरीत वर्कशॉप टाकून दोन पैसे गाठीला बांधलेले. मुलगी परदेशी शिकायला गेली, फ्लॅटचं कर्ज फिटलं आणि लुनाच्या काळापासून मनात दाबून ठेवलेली दोन दारांची जर्मन गाडी एकदाची दारात आली. दारात म्हणजे बी-टू पार्किंगमध्ये.

ही गाडी साडेचार सेकंदांत शंभराचा वेग गाठते, हे साहेब लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतात. त्याच्या पुढचं सांगत नाहीत, कारण एक्स्प्रेसवेवर मोटारींना मर्यादाच ताशी 100 किलोमीटरची. शिवाय तिथवर पोचायला आधी सोसायटीच्या गेटचे स्पीडब्रेकर ओलांडावे लागतात. त्यावरून गाडी तिरकी घालायची, साहेबांनी श्वास रोखायचा आणि बाईसाहेबांनी खाली उतरून वाकून बघायचं, "अहो, घासत नाहीये, या पुढे." पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी, म्हणून गाडी काढायची नाही. गणपतीत मिरवणुका, दिवाळीत फटाके, उन्हाळ्यात रंग उडतो. सगळी वजाबाकी करून हातात राहते ती थंडीतल्या रविवारची पहाट. लोणावळ्याला जाऊन चहा पिऊन परत यायचा बेत ठरतो, साहेब टोपी-गॉगल घालून खाली जातात, बटण दाबतात आणि बॅटरी बसलेली असते.

एवढ्या वेगाची गाडी उभ्याउभ्या दमते कशी, हा प्रश्न आपल्याला पडतो. साहेबांकडे त्याचं तोंडपाठ गणित तयार असतं. "गाडी बंद केली म्हणजे झोपली असं नाही हो. अलार्म जागा, रिमोटची हाक ऐकणारा रिसिव्हर जागा, ट्रॅकर जागा. सगळे मिळून समजा 50 मिलीअँपिअर खातात. गुणिले 24 तास, म्हणजे रोजचे 1.2 अँपिअर-अवर. बॅटरी 70 ची. दोन महिन्यांत ठणठणगोपाळ! आणि अर्ध्याच्या खाली गेली की स्टार्टर कुरकुरायला लागतो, म्हणजे महिन्याभरातच रामराम. वर, उतरलेली बॅटरी तशीच ठेवली की आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो. मग ती चार्ज करूनही पूर्वीसारखी होत नाही." एवढ्यात पाचवा मजला येतो आणि ऐकणारा सुटतो.

यावर सरळ उपाय म्हणजे हळूहळू चार्ज करत राहणारा छोटा चार्जर. साहेबांनी तो आणलाही होता. पण बेसमेंटमधला एकुलता एक प्लग कॉमन मीटरवर. सर्वसाधारण सभेत या विषयावर जी चर्चा झाली ती लिफ्टच्या दुरुस्तीवरही कधी झाली नव्हती. "आज बॅटरी, उद्या कोणी वॉशिंग मशीन आणून लावेल," असं सेक्रेटरी म्हणाले आणि ठराव बारगळला.

मग आला कट-ऑफ स्विच. पितळी, काहीशे रुपयांचा, बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर बसणारा. नाना पेठेतल्या दुकानात तो काउंटरवरच्या डब्यात पडलेला असतो. साहेबांनी मात्र त्याचा दहा दिवस अभ्यास केला. रेसिंगच्या गाड्यांना असा स्विच सक्तीचा असतो. अपघात झाला तर बाहेरच्या माणसालाही इंजिनासकट सगळा वीजप्रवाह तोडता यावा म्हणून. तो कुठे आहे हे कळावं यासाठी निळ्या त्रिकोणात लाल ठिणगीचं चिन्ह लावतात. साहेबांनी स्विचच्या आधी ते स्टिकर आणलं. ते बघून वॉचमनला वाटलं की कव्हराखाली महावितरणचा डीपी आहे, आणि तेव्हापासून तो पोरांना त्या बाजूला क्रिकेट खेळू देत नाही. साहेबांनी त्याला सांगितलं, "अरे, बारा व्होल्टचा शॉक बसत नाही." त्याने मान डोलावली आणि दोन पावलं मागे सरकला.

बसवायला बोलावलेला ऑटो इलेक्ट्रिशियन दहाचा पाना हातात फिरवत म्हणाला, "साहेब, हा तर ट्रकचा मेन स्विच. ड्रायव्हर लोक रात्री बंद करून झोपतात."

"रेसिंगचा आहे तो," साहेब म्हणाले.

"असेल. पण मी काय म्हणतो, आठवड्यातून दोनदा तास-अर्धा तास चालवली ना, तर हे लावायला लागत नाही."

साहेबांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने गुपचूप टर्मिनल सैल करायला घेतलं.

खरी गंमत पुढे आहे. या गाडीचं इंजिन मागे, बॅटरी पुढच्या बॉनेटखाली, आणि बॉनेट उघडतं विजेवर. म्हणजे बॅटरी तोडून बॉनेट लावलं की स्विच आत आणि साहेब बाहेर. कंपनीने तशा वेळेसाठी ड्रायव्हरच्या पायाशी, फ्यूजच्या खोक्यात एक टर्मिनल दिलेलं असतं. बाहेरून दुसरी बॅटरी जोडून कुलूप उघडायचं. पण हे रोज कोण करणार? म्हणून साहेब बॉनेट पूर्ण लावतच नाहीत. कडेला घडी केलेला पंचा ठेवून ते अलगद टेकवतात. अलार्म बंद, ट्रॅकर बेशुद्ध, बॉनेट उघडं आणि मधे पंचा: सोसायटीतली सर्वांत महाग गाडी आता राखाडी कव्हराच्या भरवशावर आहे.

स्विच बंद करण्याचाही विधी आहे. इंजिन चालू असताना हात लावायचा नाही, अल्टरनेटरच्या झटक्याने आतली यंत्रणा उडू शकते. इंजिन बंद केल्यावरही लगेच नाही, कारण गाडीतले छोटे-छोटे कॉम्प्युटर आवराआवर करून झोपायला काही मिनिटं घेतात. तेवढा वेळ साहेब उलट्या बादलीवर बसून राहतात. किल्ली जवळ असली तर गाडी जागी होते, म्हणून किल्ली वर स्टीलच्या डब्यात. बाईसाहेबांना बेसनाचे लाडू हवे असले की आधी किल्ली सापडते.

चालू करताना दुप्पट कामं. घड्याळ लावा. दोन्ही काचांना त्यांची वरची हद्द पुन्हा शिकवा; या काचांना चौकट नसते, दार उघडताना त्या बोटभर खाली सरकायला हव्यात, आणि वीज नसली की रबरात अडकतात. डॅशबोर्डवर पिवळे दिवे लागतात, ते घालवायला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून थोडं अंतर चालवा. एवढं झाल्यावर साहेब मल्टीमीटर लावतात आणि आकडा वहीत टिपतात. 12.6 आला की दिवस चांगला, 12.4 आला की चेहरा पडतो, आणि 12.2 म्हणजे निम्मी गेली. समोरच्या विंगमधले निवृत्त काका आपल्या साखरेचे आकडे सांगतात, साहेब व्होल्ट सांगतात. दोघं एकमेकांचं आस्थेने ऐकून घेतात.

साहेबांना हसणं सोपं आहे, पण त्यांची बाजूही बघा. गाडीतलं बाकी सगळं कॉम्प्युटर चालवतो. गिअर तोच बदलतो, घसरण तोच सावरतो, बिघाडाची चिठ्ठीही तोच सर्व्हिस सेंटरला वाचून दाखवतो. लुनाचा प्लग रस्त्याकडेला काढून पॉलिश पेपरने घासणाऱ्या माणसाला या गाडीत हात घालायला जागाच नव्हती. ती त्या पितळी मुठीने दिली. दोन आटे डावीकडे, आणि एवढी मोठी जर्मन कारागिरी मुकाट्याने गप्प. हे सुख लोणावळ्याच्या चहात नाही.

दसऱ्याला मात्र गाडी उघडी होते. सकाळपासून विधी चालतो, झेंडूचा हार चढतो, एक पाकळी स्विचवरही पडते. चाकांखाली लिंबं ठेवतात, इंजिन गरजतं, तिसऱ्या विंगपर्यंत खिडक्या उघडतात. गाडी दीड फूट पुढे येते, लिंबं चिरडतात, टाळ्या पडतात, गाडी दीड फूट मागे जाते. मग साहेब बादली शोधतात.

सध्या ते दुसरी, नवी गाडी बघताहेत. परवा शोरूममधला पोरगा त्यांना हॉर्सपॉवर, टर्बो, शंभराचा वेग असं सगळं एका दमात सांगत होता. साहेबांनी त्याला पूर्ण बोलू दिलं, मग चष्मा वर केला आणि विचारलं, "ते राहू दे. निगेटिव्हपर्यंत हात पोचतो का?"