भूकंपसाहेब

भाऊंच्या हातात चांगली पानं पडली, की पहिली कुणकुण त्यांच्या कपबशीला लागते. कोपर टेबलाला टेकलेलं असतं, टेबल हलतं आणि कप बशीत किणकिणतो. मग चष्म्याची दोरी मानेमागे झुलायला लागते. शेवटी हातातले तीन पत्ते पिंपळपानांसारखे सळसळतात. तोवर बाकीच्यांनी आपापली पानं उपडी टाकलेली असतात. "पैक." "पैक." "मैं भी पैक, मराठा साहब." पाच जणांनी डावाआधी टाकलेल्या बूटचे पन्नास रुपये भाऊंच्या पुढ्यात सरकवले जातात, आणि त्यांतले दहा त्यांचे स्वतःचेच असतात. हातात तीन एक्के आणि कमाई चाळीस रुपये!

भाऊंचं खरं नाव आता फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर उरलं आहे. सोसायटीत सगळे त्यांना भूकंपसाहेब म्हणतात. दिल्ली चौथ्या भूकंपक्षेत्रात येते हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, त्यामुळे नाव ठेवणाऱ्याला फार डोकं चालवावं लागलं नाही. रात्री खरोखरचा धक्का बसला तरी लोक आधी हलणाऱ्या पंख्याकडे बघतात आणि मग भाऊंच्या बाल्कनीकडे.

ही द्वारका कृष्णाची नव्हे. ही दिल्लीची, विमानतळाला खेटून असलेली, जुन्या लोकांच्या तोंडात अजून पप्पनकलाँ असलेली द्वारका. सरकारी खात्यांतल्या आणि बँकांतल्या लोकांनी सहकारी सोसायट्या काढल्या, वर्षानुवर्षं हप्ते भरले आणि एकदाचे इथे राहायला आले. ३१ डिसेंबर २००५ ला मेट्रो आली. भाऊ त्याच्याही आधीचे, म्हणजे मेट्रोपूर्व काळातले. नळाला पाणी नाही आणि टँकर कधी येईल सांगता येत नाही, अशा दिवसांत ते इथून रोज उद्योग भवन गाठत. तिथूनच सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. पस्तीस वर्षांत कोट्यवधींच्या फायली त्यांच्या टेबलावरून गेल्या, पण एकाही सहीचं वळण बिघडलं नाही. दहा रुपयांच्या बूटनं मात्र या माणसाची दाणादाण उडवली.

मूळ गाव सातारा. घरी पत्ते होते, पण ते मे महिन्यातले. मेंढीकोट, झब्बू, बदाम सात, भिकार-सावकार. पत्त्यांना पैसा लागला की घराला लागतो, असं आजी म्हणायची आणि खेळात चिंचोके लावले तरी डोळे वटारायची. असा माणूस दिल्लीत आला, आणि दिल्लीत तर दसरा सरला की घरोघरी पत्ते निघतात. पहिल्याच दिवाळीत समोरच्या ब्लॉकमधल्या बँकवाल्या आंटींनी त्यांना बजावलं, की दिवाळीला जो खेळत नाही तो पुढच्या जन्मी गाढव होतो. भाऊंनी साताऱ्याची आजी आणि पुढचा जन्म तराजूत घातले आणि खुर्ची ओढून बसले.

त्यांचा हात मात्र अजून आजीच्या बाजूनं आहे.

नवल असं, की हरताना भाऊ हिमालयासारखे स्थिर असतात. हातात दुर्री, पंजा, नव्वा असला, की त्यांच्यासारखा सभ्य, शांत, शेंगदाणे सोलत बसलेला खेळाडू द्वारकेत शोधून सापडणार नाही. हरण्याचा त्यांना सराव आहे. महागाई भत्त्याची थकबाकी, बढतीची यादी, डीडीएची सोडत, सगळीकडे त्यांनी 'यंदा नाही' हे शब्द पचवले आहेत. घाबरगुंडी उडते ती जिंकायची वेळ आली की. मिळणारच नाही असं गृहीत धरून आयुष्य काढलेल्या माणसाच्या ओंजळीत अचानक तीन राजे पडतात, आणि ते ठेवायचे कुठे हे हातांना कळत नाही.

घरी वहिनींचं शास्त्र सोपं आहे. "खेळू नका. हात कापायचे थांबतील." भाऊ त्यांना कायदा ऐकवतात. सुप्रीम कोर्टानं १९६७ मध्ये रमीला कौशल्याचा खेळ ठरवलं तेव्हा तीन पत्त्यांच्या खेळाला नशिबाच्या पारड्यात टाकलं होतं. "नशिबाचाच खेळ आहे म्हटल्यावर माझं काही चुकतं असं तुला म्हणताच येणार नाही." मग वहिनी महाभारत काढतात. पांडवांनी द्यूतात घालवलं ते इंद्रप्रस्थ, म्हणजे हीच दिल्ली. आणि वनपर्वात कृष्ण युधिष्ठिराला सांगतो, की मी शाल्वाशी लढायला गेलो नसतो, त्या वेळी द्वारकेत असतो, तर येऊन तो जुगार थांबवला असता. "द्वारकेतल्या माणसाचं काम जुगार थांबवायचं आहे," वहिनी म्हणतात, "आणि तुम्ही काजू घेऊन निघालात."

तरी भाऊंनी उपाय सोडले नाहीत. पहिला उपाय प्राणायाम. पानं बघितली, की ते टेबलावरच अनुलोम-विलोम करायचे. आठवड्याभरात मंडळींना कळलं, की मराठा साहेबांनी उजवी नाकपुडी दाबली की उठून चहा टाकायला हरकत नाही.

दुसरा उपाय डॉक्टर. डॉक्टरांनी समजावलं, की अगदी बारीक थरथर सगळ्यांच्याच हातांना असते, सेकंदाला आठ-दहा वेळा, पण ती दिसत नाही. अंगात ॲड्रिनॅलिन उसळलं की तीच मोठी होते. जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञानं त्यावर चालणारं प्रोप्रॅनोलॉल शोधलं आणि त्याला १९८८ मध्ये नोबेल मिळालं. कार्यक्रमाआधी हात थरथरणारे वादकही ते घेतात. भाऊंचे डोळे लकाकले. पण ते औषध दमेकऱ्याला चालत नाही, आणि भाऊंना नोव्हेंबरातल्या दिल्लीच्या धुरानं थोडा दमा बहाल केलेला. दिल्लीनं जुगार शिकवला आणि त्यावरचं औषधही दिल्लीनंच काढून घेतलं. भाऊंनी मनाची समजूत काढली. "तसंही २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये हेच घेतलं म्हणून एका उत्तर कोरियन नेमबाजाची दोन पदकं काढून घेतली होती. आपल्या सोसायटीत तपासणी होत नाही, म्हणून काय झालं!"

तिसरा उपाय ब्लाइंड. पानं बघायचीच नाहीत, मग कापायचं कशाला? एका दिवाळीत भाऊ रात्रभर ब्लाइंड खेळले. हात दगडासारखे होते. पहाटे चारशे रुपये हरून घरी आले तेव्हाही दगडासारखेच होते.

मग वरच्या मजल्यावरचा पोरगा आला. इंजिनिअर, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर पोकर खेळणारा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि बिचारा बेरोजगार होऊन आमच्या टेबलावर आला. आम्हाला वाटलं, आता हा सगळ्यांना लुटणार. पहिल्याच चांगल्या पानाला त्याच्या हातातली नोट पंधरा ऑगस्टच्या झेंड्यासारखी फडफडली. "काका, मोबाइलवर हात दिसत नाहीत हो," तो रडवेला होऊन म्हणाला. भाऊंनी त्याला जवळ बसवून घेतलं. एवढ्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच आपल्या जातकुळीचं कोणी भेटलं होतं.

पोराकडे विद्या भरपूर होती. माइक कॅरो नावाच्या अमेरिकन खेळाडूनं १९८४ मध्ये खेळाडूंच्या हालचालींवर एक पुस्तकच लिहिलं. नवख्याचा हात थरथरला की लोक त्याला थापाड्या समजतात, पण बहुतेक वेळा त्याच्याकडे जबरदस्त पानं असतात, असा त्याचा इशारा. थाप मारणारा अंग आवळून बसतो, तर लॉटरी लागलेल्याचं अंग सैल सुटतं. २०१३ मध्ये तर मानसशास्त्रज्ञांनी मोठ्या पोकर स्पर्धेच्या चित्रफिती लोकांना दाखवल्या. फक्त चेहरे बघणाऱ्यांचे अंदाज चुकले, पण फक्त दंड आणि हात बघणाऱ्यांना पानं बरी की वाईट हे बऱ्यापैकी ओळखता आलं. "म्हणजे तोंड खोटं बोलतं आणि हात खरं," भाऊ म्हणाले. "आमच्या आजीचं हेच म्हणणं होतं."

पोरानं सांगितलेले उपाय भाऊंनी टिपणी लिहावी तसे वहीत उतरवले. एक : पानं एकदाच बघावीत आणि टेबलावर उपडी ठेवावीत. दोन : पान चांगलं असो वा वाईट, पाच आकडे मोजावेत, मगच चाल द्यावी. तीन : मनगट टेबलाला टेकवूनच नोट सरकवावी. चार : हात कापले तर कापू द्यावेत, पुष्कळ डाव खेळले की शरीराला आपोआप कंटाळा येतो. चौथ्या कलमावर वहिनींचा आक्षेप नोंदवण्यात आला.

पण भाऊंच्या डोक्यात भलतंच शिरलं होतं. हात कापले की सगळे पैक करतात ना? मग रद्दी पानांवर मुद्दाम कापले तर? दोन दिवस त्यांनी आरशासमोर सराव केला. तिसऱ्या रात्री हातात तिर्री, छक्का, दश्शा आला. भाऊंनी दात आवळले, खांदे उचलले, कपाळावर घाम आणला, पण हात काही केल्या हलेना. मेहरौलीच्या लोहस्तंभासारखा जागच्या जागी! शेवटी त्यांनी डाव्या हातानं उजवा हलवून पाहिला. काश्मिरी गेटला मोटारींचे पार्ट विकणारे भाईसाहब कळवळून म्हणाले, "साहब, मोच आ गई क्या?"

आणि मग ती रात्र आली. २०२५ ची दिवाळी. त्या वर्षी उत्तरेतलं लक्ष्मीपूजन २० ऑक्टोबरला आणि आपल्या पंचांगातलं २१ ला. २० तारखेला भाऊ भलतेच निर्धास्त होते. "आज यांची लक्ष्मी. आपली उद्या येणार." खेळायला बसण्याआधी मी त्यांना एक मित्रत्वाचा सल्ला दिला. "भाऊ, तुमचा हात नंतर हलतो. आधी कप वाजतो आणि ती चष्म्याची दोरी झुलते. ती दोन तेवढी आवरा." भाऊंना ते पटलं. कप तिपाईवर गेला, चष्मा दोरीसकट खिशात गेला.

अकराच्या सुमाराला तो डाव पडला. भाऊंनी पानं उचलली, डोळे बारीक केले, पाच आकडे मोजले, पानं उपडी ठेवली आणि चाल दिली. मनगट टेबलावर, नोट शांत. विमान डोक्यावरून गेलं, खिडकीची काच थरथरली, भाऊ मात्र नाहीत. पोरानं माझ्याकडे बघितलं, मी भाईसाहबांकडे. तिघांच्याही मनात एकच. हात स्थिर आहे, म्हणजे हातात काही नाही. भाऊ आज थाप मारायला शिकले.

माझ्याकडे इस्पिकचा रंग होता, राजाच्या पोटी. बावीस हजार एकशे जुळण्यांमध्ये रंग मिळतो हजार शहाण्णव वेळा. असलं पान टाकून देण्याइतका मी सातारकर नाही. मी चाल दिली. भाऊंनी दिली. भाईसाहबांनी दोन फेऱ्या दिली आणि सोडलं. मी पुन्हा दिली. भाऊंनी शेंगदाण्याचं टरफल सोललं आणि पुन्हा दिली. आंटी श्वास रोखून बसल्या. मध्ये नोटांचा ढीग झाला. माझ्या खिशात आता फक्त मेट्रोचं कार्ड उरलं होतं. मी शेवटचे पैसे टाकून शो मागितला आणि माझा रंग ऐटीत पसरला.

"वा! तुम्ही जिंकलात," भाऊ प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले. "मी आपली उगीच थाप मारून बघत होतो. सहा, आठ, नऊ." आणि त्यांनी पानं उलटी केली.

आंटी पुढे वाकल्या. पोरगा पुढे वाकला. बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

"अंकल," शेवटी पोरगा म्हणाला, "तिन्ही अठ्ठे आहेत."

ट्रेल. चारशे पंचवीस डावांत सरासरी एकदा येते. चष्मा नसला तर इस्पिकचा अठ्ठा सहासारखा दिसतो आणि किलवरचा नऊसारखा. भाऊंनी खिशातून चष्मा काढला. दोन प्रयत्नांत तो कानांवर बसला. त्यांनी पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. आणि मग तिपाईवरचा कप वाजायला लागला. मानेमागची दोरी झुलली. पैसे ओढायला त्यांनी दोन्ही हात पुढे केले, तर नोटा इकडेतिकडे उडाल्या, नाणी सोफ्याखाली गेली आणि चकलीची ताटली आंटींच्या मांडीवर पालथी झाली. समोरच्या बाल्कनीतून कुणीतरी ओरडून विचारलं, "आया क्या?"

"तुम्हीच मोजा हो जरा," भाऊ मला म्हणाले. "माझ्या हातात काही राहत नाहीये."

मी सोफ्याखाली वाकून नाणी काढली, नोटा सरळ केल्या, दहाच्या एकीकडे, पन्नासच्या एकीकडे लावल्या. अठराशे चाळीस. त्यांतले सातशे माझेच. ते मी मोजून त्यांच्या ओंजळीत ठेवले. ठेवताना माझा हात जरासुद्धा हलला नाही.