वस्तीपासून दूर एक खड्डा

खड्डा खणा, असा आदेश आहे. कीटकनाशकाची बाटली रिकामी झाली की ती तीनदा खळबळून धुवायची, धुवण पंपात ओतायचं, बाटली फोडायची आणि वस्तीपासून दूर खड्डा करून पुरायची. जुलै उजाडला की हा मजकूर पत्रकांतून, भोंग्यांतून आणि मोबाइलवरून गावोगाव पोचतो. बाटल्या न्यायला गाडी मात्र कुठूनच येत नाही.

हा खड्डा पत्रक लिहिणाऱ्याच्या डोक्यातला नव्हे. कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याखालचे नियम १९७१ चे, आणि त्यातला ४४ वा नियम रिकामी वेष्टनं, उरलेलं औषध व धुवण यांची विल्हेवाट सांगतो. हे काम कुणाचं? तर उत्पादकांचं, मिश्रणं तयार करणाऱ्यांचं आणि फवारणाऱ्यांचं. नियमात नावं याच क्रमाने आहेत. पण आपल्याकडे नियम शेवटून वाचायची पद्धत आहे. फवारणारा सापडला की वाचन थांबतं आणि त्याच्या हातात फावडं येतं.

आता वस्तीपासून दूर म्हणजे नेमकं कुठे, ते धामणगाव रेल्वेच्या माणसाने शोधायचं. गावाच्या नावातच रेल्वे, तेव्हा रुळाकडे फावडं घेऊन जाण्याची सोय नाही. तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, त्याला कुंपण आहे. पूर्वेला वर्धा नदी. तिच्या काठावर विष पुरलं तर अलीकडच्या जिल्ह्याचा प्रश्न सुटून पलीकडच्या जिल्ह्याचा सुरू होतो. नाल्याजवळ नको, बोअरजवळ नको, पांदणीत तर नकोच, तिथे शेळ्या चरतात. राहता राहिलं स्वतःचं वावर. तीन एकराच्या वावरात मधोमध विहीर, एका धुऱ्याला नाला आणि दुसऱ्या धुऱ्यापलीकडे भावकीची विहीर. नियम लिहिताना साहेबांच्या डोळ्यांपुढे बहुधा जैसलमेर असावं.

बरं, खड्डा किती खोल? नियम गप्प आहे. आमची काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की भेगेत अख्खा हात जातो, आणि मृगाआधी ट्रॅक्टरचा फाळ फिरला की गेल्या साली पुरलेली बाटली लेबलासकट वर येऊन बसते. ‘फोडा’ हे सांगायलाही सोपं. तो जमाना काचेचा आणि पत्र्याचा होता. आजच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीवर कुऱ्हाड घातली तर बाटली शाबूत राहते आणि कुऱ्हाड नडगीवर येते. तरीही सरकारला खड्डाच हवा असेल तर रीतसर योजना काढावी. शेततळ्याला अनुदान आहे, विहिरीला आहे, शोषखड्ड्यालाही आहे, मग विषखड्ड्याने काय घोडं मारलं? अर्ज ऑनलाइन. सोबत सातबारा, आठ-अ, फार्मर आयडी, बँकेचं पासबुक आणि ‘माझ्या वावरात यापूर्वी खड्डा नव्हता’ असं स्वयंघोषणापत्र. खड्ड्याआधीच्या जागेचा फोटो, खड्ड्याचा फोटो, बाटलीसह खड्ड्याचा फोटो आणि बुजवलेल्या खड्ड्याचा फोटो, सगळे अक्षांश-रेखांशासह. शेवटच्या फोटोत खड्डा दिसत नाही म्हणून अर्ज त्रुटीत. सर्व्हर चालू झाला की ओटीपी येणार नाही, ओटीपी आला तेव्हा माणूस फवारणीत असणार आणि मोबाइल धुऱ्यावरच्या झाडाला टांगलेला असणार. मग लॉटरी निघेल. यादी लागेल तेव्हा तूरही निघालेली असेल. त्यानंतर पाहणी पथक येईल, आणि अर्ज न करताच शेकडो खड्डे तयार असल्याचा अहवाल देईल. ते मुख्य रस्त्यावरचे निघतील. पण वस्तीतले असल्यामुळे ते अपात्र ठरतील.

ही झाली रिकाम्या बाटलीची कथा. अर्धी भरलेली असेल तर? दीड एकराला लागतं शंभर-सव्वाशे मिली, दुकानात मिळते अडीचशेची बाटली. दुकानात होतो तो संवाद आमच्या बाजारपेठेत सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

“भाऊ, हे अर्धं उरलं. वापस घेता काय?”

“काका, बिलावर वाचलं नाही काय तुम्ही? विकलेला माल वापस घेतल्या जात नाही.”

“मंग याचं करू काय?”

“ठेवा न, पुढच्या साली कामी येते.”

“तारीख त दिवाईलेच संपते.”

“मंग गड्डा करा न बाप्पा!”

याच दुकानदाराकडचा माल मुदतबाह्य झाला की त्याच्यासाठी मात्र वेगळा नियम आहे. तो साठा निराळा काढायचा, ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारायचा, आखून दिलेल्या स्वतंत्र जागेत ठेवायचा आणि वर पाटी लावायची. काकांकडे स्वतंत्र जागा म्हणजे घरातली फळी. खाली बियाण्याच्या पिशव्या, वर बाटल्या, बाजूला नातवाचं दप्तर. बोंडअळीने कापूस खाल्ला, उधारी थकली, घरात शब्दाने शब्द वाढला, अशा दिवसांत ती बाटली घरात असणं म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या वाचकाला मी समजावून सांगावं असं नाही. त्या फळीवर पाटी नाही आणि त्या बाटलीला कोणत्याच पत्रकात जागा नाही.

यवतमाळला जाणारा प्रवासी धामणगावच्या स्टेशनावर उतरतो, त्यामुळे २०१७ चा तो हंगाम आमच्या दारावरूनच गेला. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. मग दोषी शोधले गेले: मास्क न बांधणारा मजूर, वाऱ्याची दिशा आणि माणसाच्या डोक्यावर वाढलेली पऱ्हाटी. पऱ्हाटीवर गुन्हा तेवढा दाखल व्हायचा राहिला. नंतर हातमोजे वाटले, चष्मे वाटले, रथ फिरवले. रथ गेला की बाटल्या धुऱ्यावरच. काही पऱ्हाटीबरोबर जळतात, त्या धुराला कुणी विचारत नाही. काही भंगारवाला किलोने नेतो. आणि चांगली झाकणाची, मजबूत मुठीची कॅन असली तर ती घरात परत येते, कारण गरिबाच्या घरात चांगली कॅन फेकत नाहीत. २०१३ च्या जुलैत बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं मेली. स्वयंपाकाचं तेल कीटकनाशकाच्या डब्यात ठेवलेलं होतं, असं तपासात पुढे आलं; विष होतं मोनोक्रोटोफॉस. ‘रिकामी वेष्टनं पुन्हा वापरली जाऊ नयेत म्हणून बाहेर टाकू नका’ हे वाक्य तेव्हा नियमात ४२ वर्षं छापलेलं होतं. छापलेलं वाक्य डबा उचलून नेत नाही. डबा उचलायला माणूस लागतो, गाडी लागते, गोदाम लागतं आणि या सगळ्याला पैसा लागतो. तो ज्याने डबा विकून कमावला त्याने द्यायचा असतो.

आणि पैसा नाही, व्यवस्था नाही, असं कुणी मला सांगू नये. बाटली गावात आणायला सगळं आहे. वितरक आहे, उपवितरक आहे, मोटारसायकलवरून वावरापर्यंत येणारा प्रतिनिधी आहे, टोप्या आहेत, कॅलेंडरं आहेत, गोठ्याच्या भिंतीवर रंगवलेली जाहिरात आहे, टार्गेट पूर्ण करणाऱ्या दुकानदाराला परदेशाची सहल आहे. फक्त तीच बाटली परत न्यायची म्हटली की अचानक रस्ते खराब होतात. याच राज्याने २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीवर परतखरेदीची किंमत छापायला लावली होती, किमान पन्नास पैसे. ज्या पिशवीतून दूध आलं तिची एवढी धास्ती, आणि जिच्यावर लाल त्रिकोण आणि कवटी आहे तिच्यासाठी फावडं! ब्राझीलने २००० साली कायदा करून शेतकऱ्याला सांगितलं की बाटली तीनदा धू आणि वर्षभरात परत दे. दुकानदाराला सांगितलं की ती कुठे परत द्यायची तो पत्ता बिलावरच छाप. आणि कंपनीला सांगितलं की तिथून ती उचल. आज तिथल्या दहातल्या नऊहून अधिक प्लास्टिक बाटल्या परत जातात. त्यांच्या बिलावर पत्ता असतो, आमच्या बिलावर ‘विकलेला माल’.

तेव्हा या खरिपात औषध घेताना पक्कं बिल मागा आणि रिकामी बाटली परत द्यायचा पत्ता त्यावर लिहून द्या म्हणा. दुकानदार लिहिणार नाही, कारण तो पत्ता त्यालाही कुणी दिलेला नाही. तो देण्याचं काम ४४ व्या नियमात ज्याचं नाव पहिलं आहे त्याचं आहे. तो पत्ता बिलावर येईपर्यंत खड्ड्याचं पत्रक घेऊन कुणी आमच्या वावरात पाऊल ठेवू नये.