पारसिकचा बोगदा

बंद खोलीतला माझा मालकंस अगदी निर्दोष असे. चुकलं की मी ‘पुन्हा’ म्हणायचो आणि भिंती बिचाऱ्या पुन्हा ऐकायच्या. असा आठ वर्षं रियाज झाल्यावर वाटू लागलं, गवई तर झालोच आहे, आता फक्त श्रोते तेवढे मिळायचे राहिलेत.

ते मिळाले बदलापूरहून सुटणाऱ्या सकाळच्या जलद लोकलमध्ये. सीएसएमटीपर्यंत ६८ किलोमीटर, आणि आमच्या डब्यात भजनी मंडळ. बुवा बँकेत कॅशियर. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या हाती टाळ न देता गळ्यात अभंगच घातला. अंबरनाथ येईपर्यंत मी दोनदा सम चुकलो. सवयीनं ‘पुन्हा’ म्हणून थांबलो, तर टाळ केव्हाच पुढे निघून गेले होते. लोकल आणि ठेका कुणासाठी थांबत नाहीत, हा पहिला धडा.

दुसरा उल्हासनगरला. फाळणीनंतरच्या सिंधी निर्वासितांच्या छावणीला १९४९ साली हे नाव मिळालं. तिथे चढणाऱ्या एका काकांनी झूलेलालचं गाणं मागितलं. मला कुठलं येतंय? मग महिनाभर त्यांनीच उभ्या-उभ्या शिकवलं. एके दिवशी विठ्ठलवाडी स्टेशनात झूलेलालचा गजर झाला. विठ्ठलानं हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही.

आमचे समीक्षक खिडकीशी झोपत. सूर लागला की घोरत, सूर हलला की डोळे उघडत. इतकं परखड परीक्षण मला पुढे कुठेच मिळालं नाही.

आणि कळस म्हणजे पारसिकचा बोगदा. तेव्हा आमची लोकल १९१६ साली सुरू झालेल्या त्या बोगद्यातून जायची. सव्वा किलोमीटरभर असा खडखडाट, की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नसे. बुवा कानाशी ओरडत, “सोडू नको, ठाणं येतंय!” पलीकडे उजेडात आल्यावर कळायचं, आपण सुरात आहोत की मुंब्र्यालाच राहिलो.

अकरा वर्षांचे भीमसेन जोशी १९३३ साली गुरूच्या शोधात गदगहून पळाले, तेही रेल्वेनंच, डब्यात गात गात. त्यांची पहिली जाहीर मैफल एकोणिसाव्या वर्षी झाली म्हणतात. माझ्या मते ती आठ वर्षं आधीच झाली होती, चालत्या गाडीत.

पुढे बदलापुरातच एका गणेशोत्सवात मला बिदागीचं पहिलं गाणं मिळालं. मध्यलय रंगात आली आणि वीज गेली. माइक मुका, मांडवात अंधार, गलका. खोलीतला मी असतो तर तिथेच थांबलो असतो. डब्यातल्या मला मात्र हे सगळं ओळखीचं वाटलं. डोळे मिटले आणि गात राहिलो. अंधारात पहिल्या रांगेतून बुवांचा आवाज आला,

“सोडू नको, ठाणं येतंय!”