पाच किलोमीटरची मॅरेथॉन

थंडी पडायला लागली की चौकाचौकांत फलक लागतात. आरोग्य मॅरेथॉन, एकता मॅरेथॉन, मिनी मॅरेथॉन. खाली बारीक अक्षरांत अंतर लिहिलेलं असतं: ३ किलोमीटर, ५ किलोमीटर. आमच्या भागातल्या एका फलकावर लहान मुलांसाठी १ किलोमीटरची मॅरेथॉन जाहीर झाली होती. माझी तक्रार या फलकांबद्दल आहे. लोक धावतात याचा मला आनंदच आहे. पाच किलोमीटर धावणं ही चांगली गोष्ट आहे आणि ज्यांनी कधी व्यायाम केलेला नाही त्यांच्यासाठी तर मोठीच आहे. पण ती मॅरेथॉन नव्हे.

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. हे अंतर किती काटेकोरपणे मोजतात ते एकदा पाहायला हवं. मोजणी करणारा माणूस सायकलच्या पुढच्या चाकाला एक काउंटर बसवतो. आधी पोलादी टेपने मोजून घेतलेल्या सरळ रस्त्यावर तो सायकल पुन्हा पुन्हा चालवतो आणि किती अंतराला काउंटर किती पुढे सरकतो हे पक्कं करतो. मग तो शर्यतीच्या मार्गावर निघतो. प्रत्येक वळण आतल्या बाजूने, कडेपासून ३० सेंटिमीटर सोडून घ्यायचं, कारण धावणारा जवळात जवळच्या वाटेनेच जाणार. ऊन चढलं की टायरमधल्या हवेचा दाब बदलतो, म्हणून परत येऊन त्याच सरळ रस्त्यावर पुन्हा ताळा. एवढं करूनही दर किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा धरतात, मार्ग चुकूनसुद्धा आखूड भरू नये म्हणून. पूर्ण मॅरेथॉनला हे जादा ४२ मीटर होतात. जिथे मीटर-मीटरची अशी काळजी घेतात, तिथे आपण ३७ किलोमीटर सरळ सोडून देतो आणि नाव मात्र तेच ठेवतो.

यावर मला एक उत्तर हमखास ऐकवलं जातं. हा ४२.१९५चा आकडा तरी कुठे शास्त्रशुद्ध आहे? इंग्लंडच्या राजघराण्याच्या सोयीने तो ठरला. हे खरंच आहे. १८९६च्या अथेन्स ऑलिंपिकसाठी मिशेल ब्रेआल या फ्रेंच विद्वानाने ही शर्यत सुचवली, ग्रीसचा स्पिरिडॉन लुईस ती जिंकला, तेव्हा अंतर चाळीसेक किलोमीटर होतं. १९०८मध्ये लंडनला शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू होऊन स्टेडियममध्ये राजघराण्याच्या बैठकीसमोर संपली आणि ४२.१९५ भरली. १९१२ला स्टॉकहोममध्ये ती पुन्हा कमी झाली, १९२०ला अँटवर्पमध्ये वाढली. अखेर १९२१मध्ये आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने लंडनचं अंतर कायम केलं. मला विचाराल तर ही हकीकत माझीच बाजू मांडते. पंचवीस वर्षं गोंधळ घातल्यावर खेळाने एक माप धरलं आणि शंभर वर्षं पाळलं. म्हणून तर वेगवेगळ्या देशांत धावलेल्या माणसांच्या वेळा शेजारीशेजारी मांडता येतात. दहा षटकांच्या सामन्याला आपण कसोटी म्हणत नाही. मग हीच सवलत का?

वर्तमानपत्रातल्या 'मॅरेथॉन बैठकी'शी माझं भांडण नाही. इंग्रजीत हा शब्द खेळाबाहेर फार लवकर पडला. १९२०च्या दशकात अमेरिकेत दिवसचे दिवस चालणाऱ्या नाचाच्या मॅरेथॉन होत. पुढे शेपटीचा 'थॉन' तोडून वॉकेथॉन, हॅकेथॉन वगैरे निघालं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बडीशेप, ग्रीसमधल्या मॅरेथॉन या गावाचं नाव त्यावरून पडलं, आणि त्यातल्या 'थॉन'ला स्वतंत्र अर्थ काहीच नाही. तरी चालेल. सात तासांच्या बैठकीला मॅरेथॉन म्हटलं तर निदान ती लांबलचक होती एवढं खरं असतं. प्रत्यक्ष धावण्याच्या शर्यतीलाच, तीही आखूड शर्यतीला, हे नाव दिलं की शब्दात काहीच उरत नाही.

आणि ते उरायला हवं, कारण त्या अंतरात एक विशिष्ट अनुभव आहे. साधारण तिसाव्या किलोमीटरपर्यंत शरीर साठवलेल्या ग्लायकोजेनवर चालतं. तो साठा संपत आला की पाय जड होतात, आकडेमोड जमेनाशी होते, पुढचं पाण्याचं टेबल किती लांब आहे हे ठरवता येत नाही. धावणारे याला 'वॉल' म्हणतात. ती पाच किलोमीटरमध्ये येत नाही. एकवीसमध्येही सहसा येत नाही, म्हणून हाफ मॅरेथॉन करणारे स्वतःहून हाफ म्हणतात. सहा-आठ महिने पहाटे उठून सराव करायचा तो या शेवटच्या बारा किलोमीटरसाठी. आणि मग 'मॅरेथॉन पूर्ण केली' म्हटलं की समोरचा विचारतो, "किती किलोमीटरची?" पुढे सांगतो की त्याच्या सोसायटीतल्या सगळ्यांनी गेल्या रविवारी केली, तीनची. त्यालाही पदक मिळालेलं असतं आणि त्यावरही मॅरेथॉनच लिहिलेलं असतं. त्याचा काही दोष नाही. त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

नुकसान माझ्यासारख्या हौशी माणसापुरतं असतं तर गप्प बसलो असतो. शिवनाथ सिंगांनी १९७८मध्ये जालंधरला २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केली आणि तो भारतीय विक्रम चाळीस वर्षांहून जास्त टिकला. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षं पहिली आली. हे काय होतं, ते शाळेत 'मॅरेथॉन' धावून प्रमाणपत्र घेतलेल्या मुलाला कसं कळणार?

नावात मॅरेथॉन नसेल तर लोक येत नाहीत, असं आयोजक म्हणतात. मला ते पटत नाही. मुंबईतल्या आखूड शर्यतीला ड्रीम रन म्हणतात आणि तिथे गर्दी मावत नाही. आपल्याकडे दौड हा शब्द आहे, शर्यत आहे. '५ किलोमीटर दौड' असं फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा, पदकावर आणि प्रमाणपत्रावरही तेच लिहा. बातमी देणाऱ्यांनी अंतर विचारून घ्यावं आणि ४२.१९५ नसेल तर मथळ्यातून मॅरेथॉन काढावं.