पावसाळी कपडे

पावसाळा तोंडावर आला की आई चांगल्या साड्या ट्रंकेत घालायची. डांबराच्या गोळ्या, जुना पंचा आणि सगळ्यांत तळाशी तिची लाल रेशमी साडी, पांढऱ्या बारीक बुट्ट्यांची. पुढचे चार महिने आम्ही सगळे विटक्या, लवकर वाळणाऱ्या कपड्यांत. "चिखलात कुणाला दाखवायचंय?" हा तिचा प्रश्न बिनतोड होता.

पुढे कितीतरी वर्षांनी, एका जुलैत, कवडीला मुळा-मुठेच्या काठी पाणकणसांत मला लाल मुनिया दिसला. कुंकवाच्या करंड्यात पडून कसाबसा बाहेर आलेला आणि येताना अंगाला अक्षता चिकटलेल्या, असा तो दिसतो. लांबी जेमतेम दहा सेंटिमीटर, वजन दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे हल्लीच्या सराफाच्या हिशेबाने एक तोळा. वरून संततधार, खाली घोटाभर चिखल, मी छत्रीखाली अंग चोरून उभा. आणि हा मात्र वाकलेल्या गवताच्या काडीवर लग्नघरातल्या मामासारखा सजून बसलेला. गळ्यातून बारीक, किनरी शीळ. पावसाच्या आवाजात ती मला धड ऐकू येईना, पण त्याला त्याचं काही नव्हतं.

त्याच्या या हौसेला कारण आहे. पावसाने गवत माजतं, मग दाणा भरतो, पिलांचं पोट भरायची सोय होते. म्हणून याचा लग्नसराईचा मोसम आपल्या चातुर्मासात. हंगाम सरला की लाल पिसं गळतात आणि नवरदेव करड्या-तपकिरी रंगाचा कारकून होतो. एप्रिलात चोचसुद्धा काळी पडते. मे उजाडला की तिच्यावर पुन्हा लाली चढू लागते, जणू आतल्या आत कुणी पत्रिका छापायला टाकल्या आहेत. मादी बाराही महिने मातकट, फक्त शेपटीच्या बुडाशी लाल, नऊवारीचा काठ दिसावा तेवढाच.

नाव मात्र त्याला बाजाराने दिलं. सतराव्या शतकात हे पक्षी पिंजऱ्यांत भरून अहमदाबादहून सुरतेला येत. साहेबाच्या जिभेवर अहमदाबादचं जे काय झालं ते याला चिकटलं. 1758 मध्ये लिनियसने तेच शास्त्रात नेलं, आणि आज त्याचं पूर्ण नाव आहे अमांडावा अमांडावा. गाडी फलाटाला लागताना हमालाने दोनदा ओरडावं, तसं. जो सगळा जन्म लव्हाळ्यांत काढतो, त्याच्या नावात एवढं मोठं शहर!

आई गेल्यानंतर ट्रंक उघडली. लाल साडी तशीच होती, रंगही तसाच. फक्त उलगडायला गेलो तर प्रत्येक घडीवर विरलेली. रेशीम न वापरताही विरतं, हे आम्हां कुणाला ठाऊक नव्हतं. मी ती पुन्हा जशी होती तशी घडी घालून ठेवली.

कवडीला त्या दिवशी पाऊस वाढला. एक मातकट मादी उडत आली आणि त्याच काडीवर त्याला अगदी खेटून बसली. काडी आणखी वाकली. तो भिजून भिजून काळपट लाल झाला होता, अक्षता तेवढ्या पांढऱ्या. तिने मान वळवून त्याच्या गळ्याची ओली पिसं एकेक करून नीट करायला घेतली.