सापडेल तो नियम कसला!

एखाद्या विषयावर राज्य शासनाचा आजचा नियम नेमका काय आहे, हे शोधायला निघणारी माणसे आपल्या छत्रपती संभाजीनगरात अजूनही आहेत. खंडपीठातले नवखे वकील, निवृत्त मंडळ अधिकारी, पीएच.डी.चे विद्यार्थी आणि पहिल्या एसटीने आलेले, कागदांची प्लास्टिकची पिशवी बगलेत धरलेले शेतकरी. नियम पाळायचा असतो, फार तर समोरच्याला दाखवायचा असतो. तो शोधायचाही असतो, हे या भल्या लोकांच्या डोक्यात कोणी भरवले कळत नाही. चार माणसांना सहज सापडेल असा नियम करायला सरकार कशाला लागते? ते काम गृहनिर्माण सोसायटीचा सेक्रेटरीही करतो.

या बाबतीत मराठवाड्यावर दैवाची विशेष कृपा आहे. अनुशेष सिंचनाचा असेल, रस्त्यांचा असेल. नियमांचा मुळीच नाही. निजामाचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा. त्याचा इसवी सन काढायचा तर ५९० मिळवावेत. पण निजामाचे फसली साल आजूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई, म्हणून आदेश जानेवारीतला किंवा त्यानंतरचा असेल तर ५९१ मिळवावेत. कायदे-आदेश उर्दूत, राजपत्राचे नाव जरीदा, गावच्या काही जुन्या नोंदी मोडीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा खुद्द शासनालाच मोडी आणि उर्दू वाचणारे धुंडाळावे लागले. पुरावा जपावा तर असा!

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. तिचे कायदे मात्र लगेच संपवण्याचा उतावीळपणा कोणी केला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. दोन्ही वेळा जुने कायदे ज्याच्या त्याच्या मुलखात चालू राहिले. १३१७ फसलीच्या कायद्याला १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने अखेर निरोप दिला, पण सोबत व्यावृत्तीचे कलम ठेवून. म्हणजे पूर्वी झाले ते झालेच. त्यामुळे आजोबांच्या वाटणीवरून आज भांडण उकरले, की नातवाला सातबाऱ्यावरून खासरा पत्रकावर आणि तिथून मुंतखबावर जावे लागते. नातवंडांनी पूर्वजांची विचारपूस करावी म्हणून इतकी पक्की व्यवस्था दुसऱ्या कुठल्या राज्याने केली असेल?

कूळकायद्यात तर ही कला कळसाला पोचली आहे. १९४८ च्या मुंबई कूळकायद्याचे पुढे सरकारने बारसे केले. त्याच्या नावात आता ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आहे. हा महाराष्ट्राचा कायदा मराठवाड्याला लागू नाही आणि विदर्भालाही नाही. विदर्भाचा वेगळा, १९५८ चा. मराठवाड्यात चालतो तो १९५० चा हैदराबाद कूळकायदा. तिकडे हैदराबादेत याच कायद्याच्या नावातून ‘हैदराबाद’ गेले आणि ‘तेलंगणा क्षेत्र’ आले. तेव्हा ज्या कायद्याच्या नावात महाराष्ट्र आहे तो अर्ध्या महाराष्ट्रात नाही, आणि ज्याच्या नावात हैदराबाद आहे तो हैदराबादेत नाही. त्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराचे आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिल्ह्याचे व विभागाचे नाव बदलले. आता शोधणाऱ्याने प्रत्येक गोष्ट दोन नावांनी शोधावी. कष्ट दुप्पट, म्हणजे पुण्यही दुप्पट.

एवढे करून शासन निर्णय हाती लागलाच, तर त्याची रचना डोळे भरून पाहावी. डोक्यावर विषय, त्याखाली ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ आणि तिथे मागच्या पाच-सात निर्णयांचे क्रमांक आणि तारखा. त्यातला प्रत्येक निर्णय आपल्या पोटात आणखी पाच-सात संदर्भ बाळगून असतो. मग पूरकपत्र. मग शुद्धिपत्रक, ज्याचा एकूण मजकूर इतकाच, की अमुक परिच्छेदातील ‘किंवा’ ऐवजी ‘आणि’ असे वाचावे. या एका ‘आणि’पायी किती जणांचे अर्ज निकाली निघाले असतील, हे शुद्धिपत्रकात नसते, तो त्याचा विषयच नव्हे. शेवटी राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने सही आणि अठरा आकडी संगणक सांकेतांक. तो ज्याला पाठ आहे त्याला निर्णय क्षणात सापडतो. ज्याला निर्णय सापडलेला नाही, त्याला सांकेतांक पाठ कसा असणार, असा प्रश्न अडाणी माणसेच विचारतात.

मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या टेबलापुढे घडतो तो संवाद असा. कूळकायद्यात मिळालेली जमीन विकायची आहे. २०१४ च्या सुधारणेप्रमाणे प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील तर शेतसाऱ्याच्या चाळीस पट नजराणा भरायचा. वेगळी परवानगी लागत नाही. शेतकऱ्याने हे कुठूनसे ऐकलेले असते.

“साहेब, चाळीस पट भरलं की झालं म्हणतेत.”

“तसं नाही मामा. नवीन जीआर आलाय.”

“कोणता?”

“आलाय म्हणून सांगितलं ना.”

“दाखवता का?”

“ते साहेब मीटिंगला गेलेत.”

वकिली भाषेत याला पूर्ण युक्तिवाद म्हणता येईल. यात कलम नाही, तारीख नाही, आणि म्हणूनच त्यावर अपील नाही.

अनिल लखिना यांनी १९८० च्या दशकात अहमदनगरला जिल्हाधिकारी असताना सहा गठ्ठे पद्धत बसवली. तिच्यात प्रत्येक टेबलाला एक स्थायी आदेश संचिका ठेवली: आपल्या विषयाचे सारे चालू नियम एकाच फायलीत, कोणालाही काढून बघता येतील असे. कल्पना धोकादायक होती. सुदैवाने आपल्या कर्मचाऱ्यांनी तिला माणुसकीचे रूप दिले. आज बऱ्याच टेबलांची खरी स्थायी आदेश संचिका त्या टेबलावरच्या भाऊसाहेबांच्या डोक्यात असते. भाऊसाहेबांची बदली झाली की नियमाचीही होते. निवृत्ती झाली की नियमाला नारळ मिळतो.

माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्याच्या कलम ४ (१) (ब) मध्ये सतरा बाबी आहेत, आणि कार्यालयाने आपले नियम, विनियम, सूचना स्वतःहून लोकांपुढे ठेवाव्यात, ही त्यांतली पाचवी. लोक म्हणतात, हे कलम कोणी पाळत नाही. साफ खोटे. भिंतीवर फलक लावलेला असतो. त्याच्यापुढे कपाट असते इतकेच.

नियम स्वच्छ माहीत झाला की काय अनर्थ होतो, हे याच मराठवाड्याने पाहिले आहे. निजाम सरकारने गश्ती निशाण ५३ काढले: परवानगीशिवाय सभा नाही, भाषण नाही. परिपत्रक छोटे, हुकूम सुस्पष्ट आणि क्रमांक लक्षात राहील असा. परिणाम काय? लोकांनी तो क्रमांकच धरून ठेवला आणि त्याच्याविरुद्ध ओरड सुरू केली. जयपूर संस्थान याहून चतुर. त्याने १९२३ मध्ये अफूचा कायदा केला आणि प्रसिद्धच केला नाही. पण १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की जो कायदा लोकांना कळवलाच नाही, तो मोडल्याबद्दल कोणाला शिक्षा करता येणार नाही. तोही मार्ग बंद झाला.

या दोन्ही संस्थानांना जे सुचले नाही ते आपल्या लोकशाहीला सुचले. नियम लपवला तर न्यायालय विचारते, एकच नियम ठळक सांगितला तर चळवळ होते. म्हणून सगळेच प्रसिद्ध करावे: निर्णय, अधिक्रमित निर्णय, शुद्धिपत्रक, सारे एकाच संकेतस्थळावर, रोजच्या रोज, फुकट. मग कोणाची तक्रार उरत नाही, कारण मागितलेले सगळे दिलेले असते. आणि क्रमांकच हाती लागत नाही म्हटल्यावर सत्याग्रह तरी कशाविरुद्ध करणार?